प्लगवरची काजळी

सावाई बेट, सामोआ
८ मार्च २०१०

लाडका भाऊ लाफाएले,

देवाची कृपा तुझ्यावर असो. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा पाऊस आला की कुरकुरतो, ऊन पडलं की ती कुरकुरते.

फोन का केला नाही म्हणशील. मागच्या वेळी केला तेव्हा आधी मी प्रार्थना म्हटली, मग आई रडली, मग तिला बघून मी रडले आणि कामाचं बोलणार तेवढ्यात पैसे संपले. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात कितीही रडलं तरी तिकीट तेवढंच लागतं.

काम असं आहे. तू ऑकलंडहून पाठवलेली गाडी दिसायला एवढीशी, पण पेट्रोल पिते एखाद्या बससारखी. टाकी भरून आणावी आणि पुन्हा बघावं तर काटा खाली. परवा चर्च सुटल्यावर पाद्रीणबाई सगळ्या बायकांच्या देखत पंख्याने वारा घेत मला म्हणाल्या, "मकेरिता, आमच्या गाडीला इरिडियमचे प्लग आहेत हो. बेटाच्या त्या टोकाला जाऊन आलो तरी काटा जागचा हलत नाही." मी हसून मान डोलावली, पण घरी येईपर्यंत माझा जीव जळत होता.

तर तसले चार प्लग पाठव. तू गॅरेजात आहेस, तुला हाताशीच असतील. सोनेरी मिळाले तर सोनेरीच पाठव, म्हणजे बॉनेट उघडून ठेवता येईल. बाकी मी काही मागत नाही. जमलं तर आईला चर्चसाठी रुंद काठाची पांढरी टोपी पाठव. जुनी उंदराने खाल्ली.

तुझी बहीण,
मकेरिता


ऑकलंड
२७ मार्च २०१०

मकेरिताताई,

टोपी सोबत आहे. प्लग पाठवलेले नाहीत. रागावू नकोस, आधी ऐक.

प्लग पेट्रोल पीत नाही. तो फक्त ठिणगी पाडतो, चूल पेटवणाऱ्या काडीसारखा. काडी दमट असेल तर धूर होईल आणि लाकूड वाया जाईल हे खरं, पण काडी सोन्याची आणली म्हणून दोन लाकडांत टारोचा कंद शिजत नाही. इरिडियमचे प्लग महाग असतात, ते जास्त दिवस टिकतात. मैलामागे फार काही वाचवत नाहीत.

खरं महत्त्व प्लगच्या स्वभावाला आहे. काही प्लग थंड स्वभावाचे असतात, ते सतत भरधाव पळणाऱ्या गाडीला. काही गरम स्वभावाचे, ते गावात रखडत चालणाऱ्या गाडीला. उलटसुलट बसवले की पेट्रोल जास्त जातं. म्हणून तुझे जुने प्लग काढून मला पाठव. आमचे मालक टोकाचा रंग बघून ती गाडी कशी चालवतात ते सांगतात, मलाही त्यांनी शिकवलंय. दूध घातलेल्या कोकोसारखा रंग असला तर सगळं ठीक. पांढराफटक असला तर इंजिन तापतंय. अजूनही रंग आहेत, ते बघितल्यावर बोलू.

आणि ताई, हे मनावर घे. दर महिन्याला पेट्रोलसाठी मी जे पाठवतो ते माझ्या विमानाच्या तिकिटाच्या डब्यातून काढतो. नाताळला येतो असं मी आईला दरवर्षी सांगतो. एकदा तुआलाकाकांना घराण्याच्या प्रमुखाची पदवी मिळाली त्याचा समारंभ आला, एकदा चर्चचं छप्पर आलं, मागच्या वर्षी ही गाडी आली आणि दर वेळी डबा रिकामा झाला. आई ऐंशीची झाली. यंदा मला यायचंच आहे. तुझी गाडी कमी प्यायली तरच ते जमेल.

गाडीत माणसं किती बसतात? खरं सांग.

लाफाएले


सावाई
२० एप्रिल २०१०

लाडका लाफाएले,

टोपी आईला फार आवडली. घालून आरशात बघितली आणि म्हणाली, "पोराला माझ्या डोक्याचं माप अजून आठवतं." मग रडली. बघ, पत्रातच बरं.

प्लग पाठवलेत. आपल्या बसवाल्या पेलेनातोने काढून दिले. त्याच्या परसातल्या बंद पडलेल्या गाडीतले चार तात्पुरते बसवलेत, ते बरे चालतात. तो प्लगकडे बघून काहीतरी बोलायला लागला होता. मी म्हटलं, "तू गप्प रे, माझा भाऊ ऑकलंडच्या गॅरेजात आहे, तो बघेल."

पण बाळा, प्लग अशा अवस्थेत होते की मला सांगवत नाही. विमानतळावर परकी माणसं डबा उघडून बघतात. त्यांनी म्हणायचं, सामोआच्या बायका भावाला असल्या वस्तू पाठवतात? आईला दाखवले तर तिने तोंडावर हात घेतला. म्हणून आधी चुलीच्या राखेने घासले, मग लिंबू लावलं, मग साबण, मग खोबरेल तेलाचा हात फिरवून उन्हात वाळवले. आता कोणी उघडून बघितलं तरी लाज वाटायची नाही. कोकोच्या डब्यात मऊ कापडात गुंडाळले आहेत. कोको तुला, कापड परत पाठव.

माणसांचं विचारलंस. मी, आई आणि लागतील तेवढी.

मकेरिता


ऑकलंड
९ मे २०१०

मकेरिताताई,

डबा गॅरेजमध्येच उघडला, मालकांसमोर. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या बहिणीचे प्लग येताहेत, आज मी वाचून दाखवतो. त्यांनी एक उचलला, चष्मा वर केला आणि विचारलं, "नवीन कुठून मागवलेस? आणि याला नारळाचा वास का येतोय?"

बहिणीपुढे आवाज चढवायचा नाही हे आईने मला चालता यायच्या आधी शिकवलं. म्हणून मी गॅरेजच्या मागे जाऊन एका टायरला लाथ मारली आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

ताई, मला ती घाणच हवी होती. डॉक्टरकडे जाताना आजार घरी धुऊन पुसून ठेवतात का?

आता असं कर. सोबत साधे, नवे चार प्लग आहेत. तुझ्या रखडत्या चालीसाठी मुद्दाम एक पायरी गरम स्वभावाचे निवडलेत. ठिणगी उडते ती फटही मी मोजून ठेवली आहे, पेलेनातोला हात लावू देऊ नकोस, फक्त बसवू दे. दोन-अडीच महिने नेहमीसारखी गाडी चालव. मग काढ आणि आहेत तसे पाठव. राख नाही, लिंबू नाही, तेल नाही. पाद्रीसाहेबांना आशीर्वाद द्यायचाच असेल तर बॉनेट बंद करून वरून देऊ देत.

तुझे चकचकीत प्लगही परत पाठवतोय. हे काढल्यावर तेच बसव. मालक म्हणतात, इतके स्वच्छ प्लग त्यांनी उभ्या आयुष्यात बघितले नाहीत.

कापड आणि रिकामा डबा सोबत आहे. कोको संपला. एका बैठकीत प्यालो आणि घर आठवलं.

लाफाएले


सावाई
२ ऑगस्ट २०१०

लाडका लाफाएले,

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. पाद्रीसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. ठिणगी आणि अंधार या विषयावर ते इतका वेळ बोलले की आई गाडीतच झोपली.

पण पेट्रोलला काही फरक नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, कमी लागतंय. मग कळलं, त्या आठवड्यात दोन दिवस पाऊस होता म्हणून गाडी निघालीच नव्हती.

पाद्रीणबाईंची मात्र गंमत झाली. त्यांची इरिडियमची गाडी भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोल संपलं होतं! काटा वर्षभर एकाच जागी अडकलेला, म्हणून तो हलत नव्हता. आपल्या चर्चच्या गायनातल्या खर्जाच्या चौघांनी ढकलत घरी आणली. त्यांना काय, सवयच आहे. पाद्रीणबाई आता प्लगविषयी बोलत नाहीत. मीही मुद्दाम विषय काढत नाही. म्हणजे एकदाच काढला.

प्लग आहेत तसे पाठवतेय. काढताना डोळे मिटून घेतले. तीन कागदांत बांधून वर विमानतळाच्या लोकांसाठी चिठ्ठी ठेवलीय: "ही घाण माझ्या भावाने स्वतःहून मागवली आहे. आम्ही स्वच्छ माणसं आहोत."

आई ठीक आहे. तू दिलेली टोपी ती आता रोज संध्याकाळी घालते. रविवारची टोपी रोज! विचारलं तर म्हणते, ऊन लागतं. संध्याकाळचं कसलं आलंय ऊन.

तिकिटाचा डबा भरतोय ना?

मकेरिता


ऑकलंड
५ सप्टेंबर २०१०

मकेरिताताई,

चिठ्ठी विमानतळावर कोणीतरी वाचली. खाली लिहिलंय: "आमची सहानुभूती."

आता प्लगचं. चारही काळे. तेलकट नाहीत, कोरडे. बोट लावलं की मखमलीसारखी काजळी येते. एकच काळा असता तर इंजिनात एका ठिकाणी बिघाड आहे म्हटलं असतं. चारही सारखे, आणि मी गरम स्वभावाचे दिलेले असूनही काळे. मालकांनी बघितलं, मी बघितलं, दोघांचं एकच मत झालं. ही गाडी रोज, बराच वेळ, जागच्या जागी उभी असते आणि इंजिन चालू असतं.

तेवढ्यात लोसामावशी गावाहून सुट्टी संपवून इकडे ऑकलंडला परत आली. मी विचारलं, आमची गाडी बघितलीस का? तिला हसू आवरेना. म्हणाली, "गाडी दिसायच्या आधी ऐकू येते रे! पहिल्यांदा भजन सुरू होतं, मग चार आडदांड पुरुष ठेक्यात गाडी ढकलतात, मग गाडी खोकते, मग ते चौघे पळत जाऊन आत बसतात. मागची चाकं दिसेनाशी होतात. पुढे तुझी आई टोपी घालून राणीसारखी."

गाणारे चौघे! आणि मी इकडे प्लगच्या फटी मोजतोय!

ताई, मी आवाज चढवत नाही. हे शब्द मोठे दिसताहेत ते पेन जाड आहे म्हणून. पण मी काय समजायचं? माझ्या तिकिटाच्या पैशांवर तुम्ही रोज संध्याकाळी गायकांना घेऊन फिरायला जाता आणि कुठेतरी इंजिन चालू ठेवून गप्पा मारत बसता?

डब्यात आता काही राहिलेलं नाही. यंदाच्या नाताळला मी येत नाही. आईला तूच सांग, माझ्याने सांगवणार नाही. आणि गाडी तुआलाकाकांच्या हवाली कर. ते एकटे बसतात आणि गात नाहीत.

फक्त एवढं कळव, की रोज गाडी चालू ठेवून तुम्ही कुणाची वाट बघत बसता?

लाफाएले


सावाई
१ ऑक्टोबर २०१०

लाफाएले,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझी.

आता बाकीचं. गाडी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिचा स्टार्टर गेला. किल्ली फिरवली की नुसती टकटक. पेलेनातो म्हणाला, नवा लागेल. मी तुला कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पाठवला असतास आणि तिकिटाचा डबा पुन्हा रिकामा झाला असता. म्हणून गप्प बसले. ढकलली की सुरू होते, मग अडलंय काय?

ढकलायला माणसं लागतात. गायनातल्या चौघांची संध्याकाळी पुढच्या गावच्या चर्चमध्ये तालीम असते, म्हणून ते दारावरूनच जातात. त्यांनी घाम गाळून गाडी सुरू करून द्यायची आणि मी त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून जायचं? आईने आपल्याला असं शिकवलं का? म्हणून त्यांना बसवते. ते बसले की गाडी जड होते, जड झाली की पेट्रोल जास्त लागतं. मला वाटलं, निदान प्लग चांगले असले तर भागेल. प्लग स्टार्टरपेक्षा स्वस्त असतात ना.

त्यांना तालमीला उतरवलं की आम्ही दोघी धक्क्यावर जातो. विमानतळाच्या बेटावरून येणाऱ्या शेवटच्या बोटीला. ही आईची इच्छा. गाडी आली त्या दिवशी तिला धक्क्यावर नेलं होतं. तिने गाडी उतरताना बघितली आणि म्हणाली, "गाडी आली, आता मागोमाग तोही येईल." मी म्हटलं, आई, तो कळवून येईल. ती म्हणाली, "तो कधी कळवून आलाय? लहानपणी मासे धरायला जायचा तेव्हा सांगून जायचा का?"

तेव्हापासून पाऊस आणि रविवार सोडून रोज जातो. धक्क्यावर सपाट जागा, आणि ढकलणारे तिकडे गळा फाडून गात असतात. इंजिन बंद केलं तर तिथेच रात्र काढावी लागेल. म्हणून चालू ठेवते. बोट लागते, लोक उतरतात, आई काच खाली करून एकेकाचं तोंड बघते. सगळे गेले, खलाशी दोर गुंडाळायला लागले तरी ती बघत असते. मग म्हणते, "गर्दी असेल आज, बोट चुकली त्याची. चल." येताना गावोगाव प्रार्थनेची घंटा होते, प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर कोणी हलायचं नाही, म्हणून तिथेही थांबावं लागतं. ती तेवढ्यात तुझ्यासाठी प्रार्थना करून घेते. टोपी घालते ती तुला लांबून ओळखू यावं म्हणून. हे मला परवा सांगितलं तिने.

तर काजळी त्याची आहे. तू बरोबर वाचलीस, मालकांना सांग माझा भाऊ हुशार आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. लोसामावशीचं तेवढं सांगितलं, राणीसारखी म्हणाली ते. खूश झाली. गाडी तुआलाकाकांना द्यायची तर देईन, तू पाठवलीस, तुझा शब्द. पण तू नाताळला येत नाहीस हे तिला मी सांगणार नाही. माझ्याने होणार नाही. तुला सांगायचंच असेल तर तू येऊन सांग.

मकेरिता

ता. क. लपवलं त्याबद्दल रागावायचं असेल तर टायरला लाथ मार. आणि कोको पाठवलाय. हळूहळू पी.


ऑकलंड
२४ ऑक्टोबर २०१०

मकेरिताताई,

तुझं पत्र गॅरेजात वाचलं. मालकांनी विचारलं काय झालं, तर मी ते काळे प्लग त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, हे माझ्या आईचं वाट बघणं आहे. त्यांनी सुट्टीच्या अर्जावर सही केली आणि म्हणाले, "जा, नाहीतर अजून काळे होतील."

मी माझी गाडी विकली. इथली, ज्यातून मी कामाला येतो ती. बसने जायला लागलोय, ऑकलंडची बस कोणते प्लग वापरते ते बघायची जबाबदारी माझी नाही. पेट्रोल वाचवण्याचा एवढा चांगला उपाय मला इतकी वर्षं सुचला नाही आणि मी लोकांना सल्ले देत होतो. नाताळची तिकिटं अंगावर येतात, नोव्हेंबरची त्यामानाने स्वस्त आहेत. एक काढलंय.

सामानात एक जुना पण दणकट स्टार्टर आहे, लुंगीत गुंडाळून ठेवलाय. चार साधे प्लगही आहेत, फटी मोजलेल्या. आल्यावर दोन्ही मी स्वतः बसवीन. काजळी लागली तरी घासायची नाही. तुआलाकाकांना काही सांगू नकोस. गायनातल्या चौघांना सांग, आता ढकलायला नकोत, पण तालमीला नेहमीसारखे बसून यायचं. गाडी कमी प्यायली नाही तरी चालेल. जेवढं पिते तेवढं पिऊ दे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शेवटच्या बोटीवर मी असेन. आईला सांगू नकोस. ती म्हणते मी कळवून येत नाही, तर तिचं खरं होऊ दे. रोजच्यासारखी तिला घेऊन ये. टोपी असू दे डोक्यावर, मला बोटीवरूनच दिसेल.

आणि ताई, त्या दिवशी धक्क्यावर पोचलीस की इंजिन बंद कर. ढकलायला मी आहे.

तुझा भाऊ,
लाफाएले